गुंफाले आण

तुम्ही वर होतात आणि मी खाली होते. मध्ये एक जिना आणि एक लिफ्ट. हे आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला भलतंसलतं वाटायला नको. मी घरी नव्हते. झोपलेही नव्हते. दवाखान्यातच, वर एकालाच सोडत होते म्हणून खालच्या लोखंडी खुर्चीवर, मांडीवर डबा घेऊन बसले होते. डब्यात मुगाची पातळ खिचडी होती. नाकात नळी घातलेल्या माणसाला खिचडी देत नाहीत हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. रोज नेत होते आणि रोज परत आणत होते.

तेरवी होऊन गेली. पाहुणे आपापल्या घरी गेले. मनीषनगरच्या या फ्लॅटमध्ये आता दिवसाढवळ्या सगळे दिवे चालू असतात, कारण मागे मागे फिरून बंद करणारा माणूस नाही. खापरखेड्याच्या वीजघरात जन्म काढलात, अख्ख्या मुलखाला वीज पाठवलीत, आणि घरी मात्र संडासातला दिवा राहिला तर रागावायचात. "वीज का झाडाले लागते काय वं?" आता मी फिरते, तुम्ही फिरायचात तशी. बंद करते, नातवंडं पुन्हा लावतात.

तुमच्याशी मोठ्यानं बोलले तर सून डॉक्टरला फोन लावते. एकदा लावला. म्हणून लिहिते आहे. मी चौथी शिकलेली, सावकाश लिहिते. माझ्या अक्षराला तुम्ही जन्मभर हसलात. "तुहा 'ळ' गाभण दिसते वं," म्हणायचात. तोच 'ळ' आहे अजून. वाचून घ्या.

तुम्हाला दवाखान्यात नेलं तेव्हा प्रकाश गाडी लावायला गेला होता आणि मी नोंदणीच्या खिडकीशी उभी होते. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, पेशंटचं नाव?"

मी म्हटलं, "प्रकाशचे बाबा."

"असं नाही चालत आजी. नाव सांगा, कम्प्युटरमध्ये टाकावं लागते."

तुम्हाला धाप लागली होती, स्ट्रेचरवर होतात, आणि मला तुमचं नाव तोंडातून निघेना. उखाण्यात घेतलं तेवढंच. त्या मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही म्हातारी वेडी आहे. तेवढ्यात तुम्ही मास्क बाजूला करून स्वतःच नाव सांगितलंत, बापाच्या नावासकट, आडनावासकट. आणि वर म्हणालात, "लिहून घे बेटा, हे बुढी काही सांगत नाही." ती मुलगी हसली. मीही हसले. तुमच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. बुढी काही सांगत नाही.

तेरवीला सगळे म्हणत होते, फार संसारी माणूस. मी मान हलवत होते. त्यांना काय माहीत संसारी म्हणजे काय. वीजघरातून पाळी संपवून यायचात तेव्हा कानात, भुवयांत राख असायची. ती धुवायच्या आधी लताची वेणी घालायचात, कारण तिची शाळेची वेळ व्हायची आणि माझ्या हातची वेणी तिला ओढून बसते म्हणून ती रडायची. दोन्ही रिबिनींवर तुमच्या बोटांचे राखेचे ठसे. बाईंनी एकदा विचारलं, घरी चूल पेटवून येते काय ही? उन्हाळा लागायच्या आधी कूलर काढून, जुनी वाळ्याची ताटी फेकून नवी बसवायचात, आणि स्वतः कूलरच्या मागच्या बाजूला झोपायचात, जिथं नुसता गरम वारा. मी म्हणायची, "इकडं या, मरून जाल." तर म्हणायचात, "मले बॉयलरजवळ राहाची सवय आहे."

आणि एक खोड. घरातलं एक जरी माणूस बाहेर असलं तर जेवायला बसायचं नाही. प्रकाश कॉलेजात गेला, मग नोकरीला लागला, मग सून आली, तीही नोकरीची. सगळे येईपर्यंत तुम्ही फाटकाशी. फ्लॅटमध्ये आल्यावर गॅलरीत. वरण चार वेळा गरम करायचं. मी भुकेनं चिडायची. "ते लहान आहेत काय? त्यांचं ते येतील नं!" तुम्ही म्हणायचात, "बस नं वं थोडं. सगळे आले का बसू."

जन्मभर सगळे आल्याशिवाय ताटावर बसला नाहीत. मग त्या दुपारी काय घाई होती? मी खालीच होते.

आता नावाचं सांगते, कारण सगळा घोळ तिथं आहे.

माझं माहेरचं नाव गुंफा. सावनेरच्या पुढं आमचं गाव, तिकडं हे नाव बायकांचं असायचं. आता कुणाचं नसतं. लग्नात तांदळाचं ताट पुढं आलं, नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं. तुमच्या आईनं आधीच ठरवलं होतं. "गुंफा हे काय नाव झालं? दगडातलं भोक." तुम्ही मान खाली घालून लिहिलंत, सुनंदा. सगळ्या बायका म्हणाल्या, छान नाव, आणि ताट उचलून नेलं. त्या दिवसापासून मी सुनंदा. रेशन कार्डावर सुनंदा, आधारवर सुनंदा, दवाखान्याच्या कागदावर नातं पत्नी, नाव सुनंदा. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. भाऊ मला बाई म्हणायचे, तेही आता नाहीत. तुमच्या बहिणीला ठाऊक होतं, ती तुमच्या आधी गेली.

यावरून मी तुमच्याशी भांडत राहिले, म्हातारपणापर्यंत भांडत राहिले. "माझं नाव तुम्ही खाल्लं."

"मी कुठं खाल्लं? आईनं सांगतलं."

"हात तुमचा होता."

मग तुम्ही जवळ कुणी नाही असं बघायचात आणि हळूच म्हणायचात, "गुंफा, तांदळावरचं नाव होतं ते. ताट हालवलं का गेलं."

दोघंच असलो की तेच म्हणायचात. स्वयंपाकघरात पाठमोरी असताना, अंगणात पापड वाळत घालताना. प्रकाश किंवा लता आली की लगेच "अवं". मी म्हणायची, एकदा तरी सगळ्यांसमोर घ्या, पोरांना कळू द्या आपल्या आईचं नाव काय. तर तुम्ही म्हणालात, "सगळ्यायसमोर घेतलं तं सगळ्यायचं होईल नं. मंग मले काय राह्यलं?"

मला ते तेव्हा आवडलं होतं. आता आवडत नाही. आता मला त्या वाक्याचा राग येतो.

आणि महादेवाची यात्रा. प्रकाश पोटात यायच्या आधीची. पचमढीला गेलो होतो, कॉलनीतले सगळे, खांद्यावर त्रिशूळ घेतलेले लोक पुढं आणि आपण मागं. त्या अरुंद गुंफेत अंधार, पायाखाली पाणी, वरून थेंब. गर्दीचा लोंढा आला आणि माझा हात सुटला. मी एका कपारीला चिकटून उभी राहिले. तुम्ही पुढून ओरडायला लागलात, "गुंफा! गुंफा!"

एक त्रिशूळवाला म्हणाला, "हो गा भाऊ, गुंफाच हाय हे. वरडून काहून राह्यला?"

दुसरा म्हणाला, "पह्यल्यांदाच आला दिसते."

"अरे माही बायको हाय, गुंफा!"

"गुंफा तुही बायको? मंग महादेव कोण, तू काय?"

सगळी गुंफा हसायला लागली. हसू भिंतींवरून फिरून परत येत होतं. मी कपारीतून ओरडले, "इथं आहो मी! बोंबलू नका!" तेव्हा तुम्ही लोकांना ढकलत, शिव्या खात मागं आलात आणि माझं मनगट असं धरलंत की बांगडी फुटली.

पोरांना ही गोष्ट तुम्ही शंभरदा सांगितली. पण कशी सांगितली? "तुमची आई महादेवाच्या गुंफेत हारपली होती." एवढीच. त्रिशूळवाला गाळून, नाव गाळून. ती दोघं हसायची. मी तुमच्याकडे बघायची आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत.

ते मिशीतलं हसू आता आपल्या अंगाशी आलं आहे.

तेरवीला पंगत उठली, वडे-कढी झाली, आणि बैठकीत तुमचे वीजघरातले जुने सोबती आणि सुनेच्या माहेरचे बसले होते. मी आतल्या दारात. कुणीतरी विचारलं, शेवटी काही बोलले का? प्रकाश म्हणाला, "बोलता येत नव्हतं काका. मास्क होता. पण त्यायच्या तोंडात एकच होतं. गुंफा, गुंफा. पचमढीच्या महादेवाची गुंफा. तिकडं लई जीव होता बाबांचा."

एक जण म्हणाला, "पुण्यवान माणूस. देवाचं नाव घेत गेला."

दुसरा म्हणाला, "असं मरण सगळ्यायले येत नाही गा."

सून डोळे पुसत होती. मी दाराची चौकट धरली. पडले नाही. पाणीही मागितलं नाही. पाहुण्यांना सुपारी द्यायची होती, ती दिली.

सगळे गेल्यावर प्रकाशला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हटलं, "नेमकं काय म्हणाले तुझे बाबा?"

"सांगतलं नं आई. गुंफा."

"पूर्ण सांग."

तो आठवायला लागला. "गुंफाले आण, गुंफाले आण, असं काही. शब्द तुटत होते. मले वाटलं, गुंफेले ने म्हणून राह्यले. सिस्टरलेही वाटलं कोणी बाई आहे. ती म्हणे, गुंफा कौन है भैया, नीचे है तो बुला लो, एक मिनट मिलवा देती हूँ. मी म्हटलं, कोई नहीं है सिस्टर, वो मंदिर है."

तो हे सांगताना थोडा हसला. तुमच्यासारखाच हसतो.

कोई नहीं है. मी खाली बसले होते हो. डब्याचं झाकण सैल होतं म्हणून त्याला रुमाल बांधत होते. समोर टीव्हीवर कसलीशी मालिका चालू होती, आवाज बंद करून. कुणी येऊन म्हणालं असतं, चला आजी, तर मी डबा तिथंच टाकून जिन्यानं आले असते. या गुडघ्यांनी आले असते. रांगत आले असते. एक मिनट म्हणाली होती ती सिस्टर. मला एक मिनिटही नको होतं. दारातून म्हटलं असतं, "इथं आहो, बोंबलू नका." पुरलं असतं तुम्हाला. मला माहीत आहे, पुरलं असतं.

आणि तुम्हाला वाटलं असेल, आली नाही. बोलावलं तरी आली नाही. रुसली असेल. मी रुसायची तेव्हा हाकेला ओ द्यायची नाही, हे तुम्हाला ठाऊक. नावावरून रुसले असेन असं वाटलं असेल काय? शेवटी तुम्ही सगळ्यांसमोर घेतलंत. पोरासमोर, सिस्टरसमोर, भर दवाखान्यात. जे जन्मभर मागितलं ते दिलंत, आणि ऐकणाऱ्या एकालाही कळलं नाही की ते एका बाईचं नाव आहे.

मी प्रकाशला विचारलं, "मग?"

"मंग काय. मी त्यायच्या कानाशी म्हटलं, बाबा, बरे व्हा, मी नेतो. मंग शांत झाले. हात दाबला माहा."

"तू नेतो म्हणाला का आणतो?"

"नेतो म्हटलं. काहून?"

"काही नाही. जा, चहा घे."

तेव्हापासून मी त्याच दोन शब्दांत फिरते आहे. त्यानं नेतो म्हटलं. मास्कचा आवाज, मशीनचा आवाज, तुमचे कान आधीच बॉयलरनं गेलेले. तुम्ही काय ऐकलंत? आणतो ऐकलंत काय? मग हात दाबून वाट पाहत राहिलात का, फाटकाशी राहायचात तसे? का नेतो ऐकलंत आणि कळलं की या पोराला काहीच समजलं नाही, आता सांगायला दम नाही, म्हणून हात सोडून दिलात? कुणाला विचारू? सांगा नं, कुणाला विचारू? देवाला विचारायची मला सवय नाही. मी सगळं तुम्हालाच विचारायची, गॅस कधी बदलायचा इथपासून.

लता फोनवर म्हणते, आई, रडून घे. रडणं येत नाही. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. काल मोरीत नळ मोठा सोडला आणि माझंच नाव घेतलं. गुंफा. माझ्या तोंडून मी ते कधी ऐकलंच नव्हतं. कुणा दुसऱ्याच बाईला बोलावल्यासारखं वाटलं. पुन्हा घेतलं नाही.

मी सांगितलं नाही तर आता या जगात कुणालाही माहीत नाही की मी गुंफा आहे. जी मरेल ती सुनंदा मरेल. तुमची गुंफा तुमच्याबरोबरच जळली असं होईल. मला ते नको आहे. मी काही फार चांगली बाई नाही. मला वाटतं सांगावं त्याला. ओरडून सांगावं, अरे, ते मंदिर नव्हतं, मी होते, तुझी माय, जिन्याखाली. तुझ्या बापानं मला बोलावलं आणि तू कोई नहीं म्हणालास.

आणि मग त्याचं काय होईल? तो तुमच्यावर गेला आहे. तुम्हाला दवाखान्यात ठेवल्यापासून त्यानं कामावर जाणं सोडलं होतं, बाकड्यावर झोपत होता. तुमच्या पायांना तेल लावत होता. त्याला हे कळलं तर तो पुन्हा जेवायचा नाही. लोकांना सांगतो, बाबा माझ्या हातात शांत गेले. तेवढ्यावर तो उभा आहे.

तो म्हणतो, बाबांची शेवटची इच्छा, आपण गुंफेत जाऊन येऊ. गाडी सांगितली आहे, सुनेनं सुट्टी टाकली आहे, माझ्यासाठी काठी आणली आहे.

आज सकाळी मी ठरवलं. चहा झाल्यावर म्हटलं, "प्रकाश, बस इथं. एक सांगाचं आहे." तो तुमच्या खुर्चीवर बसला. आता खुर्ची तीच एक रिकामी असते. केस पांढरे झाले आहेत हो त्याचे, माझं लक्षच गेलं नव्हतं. कान अगदी तुमचे. मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी त्या दिवशी..."

तो मध्येच म्हणाला, "आई, एक विचारू? मी नेतो म्हटलं तवा त्यायले बरं वाटलं असंल नं?"

त्यानं असं विचारलं जसं लहानपणी विचारायचा, बाबा आले का, म्हणून.

मी म्हटलं, "हो. बरं वाटलं असंल."

"तू काय सांगून राह्यली होती?"

"संडासातला दिवा चालू आहे. बंद कर."

तो उठला आणि बंद करून आला.

झालं. आता नाही सांगायची मी. तुम्हीच म्हणालात, हे बुढी काही सांगत नाही. नाव तुम्हाला पाहिजे होतं ठेवून घ्यायला, ठेवा. माझ्यापाशी उरलं नाही तर उरलं नाही. पण एवढं मला करायचं आहे.

उद्या सकाळी निघू. तुम्ही तिथं नाही हे मला माहीत आहे. तुम्ही कुठंच नाही. तुम्हाला घाटावर नेलं, मी राख पाहिली आहे, आणि राख मला जन्मभराची ओळखीची. तरी मी जाईन. प्रकाश हात धरून आत नेईल. गर्दी नसेल तर बरं, असली तरी चालेल. त्या अंधारात मी त्याचा हात सोडीन, कपारीला टेकेन, आणि जेवढा दम उरला आहे तेवढ्यानं ओरडेन, "इथं आहो मी!"

प्रकाशला वाटेल, आई महादेवाला सांगते आहे. वाटू दे.